लॅव्हेंडर तेल, ‘अँटिऑक्सिडंट’चा दावा आणि अर्ध्या रिकाम्या बाटलीतली हवा : नागपुरातलं एक प्रकरण

हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये चालणारं एक छोटं युनिट. साबण, फेस ऑइल आणि दहा मिलिलिटरचे रोल-ऑन, एवढाच माल. संत्र्याच्या सालीचं तेल घातलेला साबण हा त्यांचा जुना, हमखास खपणारा जिन्नस. लॅव्हेंडर रोल-ऑन मागून आला. जानेवारीच्या शेवटी इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून एक किलो लॅव्हेंडर तेल घेतलं गेलं, सव्वा लिटरच्या ॲल्युमिनियमच्या बाटलीत. माल भदरवाहचा, म्हणजे जम्मूकडच्या डोडा जिल्ह्यातला, असं सांगण्यात आलं. सोबत एक पान मिळालं. त्यावर ठळक अक्षरांत होतं: ‘अँटिऑक्सिडंट ॲक्टिव्हिटी ८२ टक्के’. रोल-ऑनच्या खोक्यावर हाच आकडा छापायचं ठरलं.

जूनच्या सुरुवातीला दोन गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या. मनगटावर आणि मानेवर, जिथे रोल-ऑन फिरवला तिथेच लाल चट्टे आणि खाज. दोन्ही बाटल्या मेमध्ये भरलेल्या बॅचच्या. त्याच तेलाच्या साबणाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. बाटलीत उरलेल्या तेलाचा वास घेतला तर फुलांचा गोडवा मागे पडून एक तुरट, वॉर्निशसारखा दर्प पुढे आलेला. भेसळीचा संशय येणं साहजिक होतं. नमुना प्रयोगशाळेत गेला, अहवाल आला: १,८-सिनिओल (निलगिरीच्या वासाचा घटक) २.७ टक्के, मर्यादेबाहेर, लॅव्हँडिनची, म्हणजे लॅव्हेंडरच्या स्वस्त संकराची, भेसळ संभवते. युनिटने व्यापाऱ्याचे पैसे अडवले.

(हे प्रकरण नागपूरसारख्या ठिकाणच्या लघुउद्योगांत नेहमी दिसणारी परिस्थिती धरून बेतलेलं आहे. नमुन्यांचे आकडेही त्यासाठीच घेतले आहेत, मात्र अशा तेलांत जे दिसतं त्याला धरून. मर्यादा, पद्धती आणि रसायनशास्त्र जसंच्या तसं आहे.)

युनिटने एक काम शहाणपणाचं केलं होतं. तेल आलं त्याच दिवशी त्यातलं ३० मिलिलिटर गडद तपकिरी बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवलं होतं, पुढच्या लॉटचा वास ताडून पाहायला. हा नमुना नसता तर पुढचं काहीही सिद्ध करता आलं नसतं.

तेलात असतं काय

खऱ्या लॅव्हेंडरच्या, म्हणजे लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलियाच्या, तेलाचा साधारण दोन तृतीयांश भाग दोनच रेणूंचा असतो: लिनालूल आणि त्याचाच एस्टर (ॲसिटिक आम्लाशी जोडलेलं रूप) लिनालिल ॲसिटेट. युरोपीय फार्माकोपियात, म्हणजे औषधी मालाच्या दर्जाच्या अधिकृत संहितेत, लिनालूल २० ते ४५ टक्के आणि लिनालिल ॲसिटेट किमान २५ टक्के धरलं आहे. उरलेल्या भागात ऑसिमीनचे दोन समघटक, टर्पिनेन-४-ऑल, कॅरिओफिलीन, फार्नेसीन, बोर्निऑल आणि लॅव्हँड्युलिल ॲसिटेट. शेवटचं टक्केवारीत किरकोळ, पण ओळख पटवायला फार उपयोगी, कारण बाजारातल्या स्वस्त लिनालूल-लिनालिल ॲसिटेटच्या मिश्रणात ते नसतं.

दुसऱ्या बाजूला ‘नको असलेले’ घटक. कापूर कमाल १.२ टक्के, सिनिओल कमाल २.५, लिमोनीन (संत्र्याच्या सालीच्या तेलातला मुख्य घटक) कमाल १. कापूर वाढला की तेल लॅव्हँडिनकडे झुकतं. लॅव्हँडिन हा खरं लॅव्हेंडर आणि स्पाइक लॅव्हेंडर यांचा संकर. हेक्टरी तेल कितीतरी जास्त देतो, म्हणून स्वस्त. त्याच्या ग्रोसो जातीच्या तेलात कापूर ६ ते ८ टक्के असतो. स्पाइक लॅव्हेंडरमध्ये सिनिओल आणि कापूर दोन्ही भरपूर, लिनालिल ॲसिटेट मात्र जवळपास नाहीच.

लिनालिल ॲसिटेट नाजूक आहे, हे वापरणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं. ऊर्ध्वपातन लांबलं किंवा फुलं पाण्यातच उकळली तर ते फुटून लिनालूल आणि ॲसिटिक आम्ल होतं. थंड पद्धतीच्या साबणातल्या कॉस्टिकनेही तेच होतं. एक किलो तेलाच्या बॅचमध्ये ३० ग्रॅम लॅव्हेंडर घातलं तर त्यातलं साधारण १० ग्रॅम लिनालिल ॲसिटेट पूर्ण फुटताना दोन ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक खातं. साबणात लॅव्हेंडर ‘टिकत नाही’ ही ओरड बरीचशी इथली आहे.

पहिला अहवाल कुठे चुकला

लॅव्हँडिन मिसळल्याचा निष्कर्ष नुसत्या सिनिओलवरून काढला गेला. शेजारच्याच ओळीत कापूर ०.४ टक्के लिहिलेला होता, तिकडे कुणी पाहिलं नाही. लॅव्हँडिन मिसळून सिनिओल एवढं वाढवायचं तर तीसेक टक्के लॅव्हँडिन लागेल आणि तेवढ्याने कापूर दोन टक्क्यांच्या पुढे जाईल. स्पाइक लॅव्हेंडर सहाएक टक्के पुरेल, तरी कापूर एकच्या वर दिसेलच. कापूर जागचा हलला नाही म्हणजे दोन्ही शक्यता बाद. उरते निलगिरी तेलाची शक्यता. ते कापराशिवाय सिनिओल आणतं. म्हणून नुसत्या कापरावर विसंबूनही चालत नाही.

खरी गोम स्तंभात होती. गॅस क्रोमॅटोग्राफीत तेलाची वाफ करून ती एका लांब, बारीक नळीतून, म्हणजे स्तंभातून, सोडतात; घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात आणि प्रत्येकाचं एक शिखर उमटतं. नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीत नेहमीच्या अध्रुवीय, पाच टक्के फेनिलवाल्या स्तंभावर चालवला होता: ३० मीटर लांब, ०.२५ मिलिमीटर व्यासाचा, ६० अंशांपासून मिनिटाला ३ अंश चढत. या स्तंभावर लिमोनीनचा धारण निर्देशांक (घटक केव्हा बाहेर येतो ते सांगणारा आकडा) सुमारे १०२४ आणि सिनिओलचा १०२६. दोन्ही एकाच शिखरात येतात, आणि सॉफ्टवेअर त्या शिखराला जे नाव चिकटवेल ते अहवालात उतरतं. लॅव्हेंडरसाठी हा स्तंभ एकट्याने पुरत नाही. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या ध्रुवीय स्तंभावर हे दोघे वेगळे होतात.

दोन्ही नमुने ध्रुवीय स्तंभावर पुन्हा चालवल्यावर चित्र असं दिसलं (आकडे टक्क्यांत, शेवटची ओळ सोडून; इफ्रा म्हणजे सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना):

| घटक | फ्रिजमधला नमुना | वापरातली बाटली | मर्यादा |
|---|---|---|---|
| लिनालूल | ३३.१ | ३०.४ | २०–४५ |
| लिनालिल ॲसिटेट | ३४.६ | ३२.७ | किमान २५ |
| ऑसिमीन (दोन्ही मिळून) | ७.५ | ५.२ | – |
| कापूर | ०.४ | ०.४ | कमाल १.२ |
| १,८-सिनिओल | ०.८ | ०.८ | कमाल २.५ |
| लिमोनीन | ०.४ | १.९ | कमाल १.० |
| लॅव्हँड्युलिल ॲसिटेट | ३.२ | ३.१ | किमान ०.२ |
| कॅरिओफिलीन | ३.९ | २.९ | – |
| कॅरिओफिलीन ऑक्साइड | ०.४ | १.४ | – |
| लिनालूल ऑक्साइड | ०.३ | १.६ | – |
| पेरॉक्साइड (मिलिमोल प्रतिलिटर) | ४.४ | ५० | २० (इफ्रा) |

सिनिओल जिथल्या तिथे आहे. वाढलं ते लिमोनीन, आणि तेही फक्त वापरातल्या बाटलीत. म्हणजे भर व्यापाऱ्याकडे नाही, युनिटमध्ये पडली. ध्रुवणमापीनेही तेच सांगितलं: फ्रिजमधला नमुना उणे ८.९ अंश, वापरातला उणे ७.५. लॅव्हेंडर ध्रुवीकृत प्रकाश डावीकडे वळवतं, संत्र्याचं लिमोनीन जोरात उजवीकडे.

उत्तर वजनाच्या टेबलावर सापडलं. संत्रा तेल आणि लॅव्हेंडर मोजायला एकच शंभर मिलिलिटरचं मोजपात्र आणि एकच नरसाळं होतं. मधे धुण्याची पद्धत नव्हती, नुसतं फडक्याने पुसायचे. आणि मोजून उरलेलं तेल, वाया जायला नको म्हणून, परत बाटलीत ओतायचे. बाटलीत २५० मिलिलिटर उरलेलं असताना लिमोनीन दीड टक्क्याने वाढायला चारेक मिलिलिटर संत्रा तेल पुरतं. नागपुरात हे घडणं अगदी स्वाभाविक आहे, इथे संत्रा तेल हाताशी नसलेला सुगंधी मालाचा कारखाना शोधावा लागेल.

पण चट्ट्यांचं कारण चार मिलिलिटर संत्रा तेल असण्याची शक्यता कमी. ते तक्त्याच्या शेवटच्या ओळीत आहे, आणि ती ओळ पहिल्या अहवालात नव्हतीच.

गॅस क्रोमॅटोग्राफीला न दिसणारी गोष्ट

लिनालूल हवेतल्या ऑक्सिजनशी आपोआप जुळतं. त्याच्या सहाव्या-सातव्या कार्बनमधल्या दुहेरी बंधाशेजारचा हायड्रोजन सैल असतो. तो निघाला की तिथे मूलक (एकट्या इलेक्ट्रॉनमुळे अस्थिर झालेला रेणू) तयार होतो, त्याला ऑक्सिजन चिकटतो आणि बनतो हायड्रोपेरॉक्साइड. त्या साखळीत पुढचा लिनालूलचा रेणू ओढला जातो. लिनालिल ॲसिटेटचंही तसंच. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २००८ मध्ये नेमकं हे दाखवलं: हवेला उघडं राहिलेलं लॅव्हेंडर तेल शुद्ध लिनालूल किंवा लिनालिल ॲसिटेटसारखंच ऑक्सिडाइज होतं, तेलातले बाकीचे घटक त्याला नैसर्गिक संरक्षण देत नाहीत. आणि बनलेले हायड्रोपेरॉक्साइड त्वचेला ॲलर्जी आणणारे, तेही चांगलेच जोरकस. ताजं, शुद्ध लिनालूल त्या मानाने निरुपद्रवी.

गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना अडीचशे अंशांच्या इंजेक्टरमध्ये जातो. हायड्रोपेरॉक्साइड तिथेच फुटतात आणि त्यांचे तुकडे इतर छोट्या शिखरांत विखुरतात. अहवालात लिनालूल थोडं घटलेलं, लिनालूल ऑक्साइड आणि कॅरिओफिलीन ऑक्साइड थोडे वाढलेले दिसतात, आणि प्रत्येक आकडा मर्यादेत असल्याने कुणी थांबत नाही. वापरातल्या बाटलीचं लिमोनीन सोडलं तर बाकी तेल ‘पास’ झालं असतं. फार त्रासदायक नसलेली भर पकडली गेली आणि त्रासदायक गोष्ट निसटली.

ती पकडायला लागतं ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजणारी नळी. पेरॉक्साइड आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करतं, आणि ते आयोडीन संपवायला किती थायोसल्फेट लागलं त्यावरून पेरॉक्साइड कळतं. दोन ग्रॅम तेल, ३० मिलिलिटर ॲसिटिक आम्ल-क्लोरोफॉर्म (३:२), अर्धा मिलिलिटर संपृक्त पोटॅशियम आयोडाइड, मग पाणी, स्टार्च आणि ०.०१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट. तेलबियांच्या प्रयोगशाळेत रुळलेल्या माणसाला हे तोंडपाठ असतं, आणि चूक तिथेच होते. खाद्यतेलासाठी आयोडाइड घालून एक मिनिट हलवतात. लिनालूलचा मुख्य हायड्रोपेरॉक्साइड तृतीयक कार्बनवर बसलेला, अडचणीत असलेला. तो हळू चालतो. याच नमुन्यात एका मिनिटाला १४.२ मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, अंधारात अर्धा तास ठेवल्यावर २२.७. एवढा वेळ ठेवायचं तर फ्लास्कमधली हवा नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडने काढावी लागते, नाहीतर हवेतला ऑक्सिजनच आयोडीन मोकळं करतो; कोरी (तेल न घातलेली) चाचणीही तेवढाच वेळ ठेवायची. इथे कोरी ०.३ आली.

हिशोब: (२२.७ – ०.३) × ०.०१ × १००० ÷ २ = ११२ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिकिलो. एका हायड्रोपेरॉक्साइडमागे थायोसल्फेटचे दोन रेणू जातात, म्हणून ५६ मिलिमोल प्रतिकिलो. घनतेने गुणलं की ५० मिलिमोल प्रतिलिटर. या दोनच्या भागाकारावर वाद होतात. एक जण मिलिइक्विव्हॅलंटमध्ये बोलतो, दुसरा मिलिमोलमध्ये, आणि ‘४० म्हणजे दुप्पट जास्त’ असं समजून चांगलं तेल परत पाठवलं जातं. एकक लिहिल्याशिवाय पेरॉक्साइडचा आकडा स्वीकारू नये.

इफ्रा लिनालूलने भरलेल्या तेलांसाठी २० मिलिमोल प्रतिलिटर ही कमाल मर्यादा सांगते. पन्नास म्हणजे अडीचपट. या हायड्रोपेरॉक्साइडचा रेणुभार १८६ धरला तर लिटरमागे नऊ ग्रॅमच्या पुढे, जवळपास एक टक्का. रोल-ऑनमध्ये लॅव्हेंडर पाच टक्के होतं, म्हणजे त्वचेवर राहणाऱ्या मालात सुमारे ०.०५ टक्के. साबण धुऊन जातो, रोल-ऑन मनगटावर दिवसभर राहतो. तक्रारी रोल-ऑनच्याच का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

हवा किती पुरते

‘झाकण तर घट्ट होतं’ हे युनिटचं म्हणणं खोटं नव्हतं. सव्वा लिटरच्या बाटलीत एक किलो तेल म्हणजे १.१३ लिटर, वर हवा जेमतेम १२० मिलिलिटर. त्यातला सगळा ऑक्सिजन तेलाने खाल्ला तरी लिटरमागे एक मिलिमोलही पेरॉक्साइड होत नाही. मेमध्ये त्याच बाटलीत तेल २५० मिलिलिटर आणि हवा एक लिटर. एक लिटर हवेत २१० मिलिलिटर ऑक्सिजन, चाळीस अंशांना सुमारे ८.२ मिलिमोल. तो सगळा पाव लिटर तेलात गेला तर ३३ मिलिमोल प्रतिलिटर. झाकण एकदाही न उघडता मर्यादा ओलांडायला तेवढं पुरे. आणि इथे तर दर बॅचला उघडून नवी हवा भरली जात होती.

त्यात मेचं नागपूर. बाहेर ४५ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त, कूलर फक्त पॅकिंगच्या बाजूला. दर दहा अंशांना अशा अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो असं धरलं, तरी फ्रिजमधल्या पाच अंशांच्या तुलनेत शेडमध्ये तो दहापटीहून जास्त होतो. कोकणात किंवा महाबळेश्वरला हीच हेळसांड कदाचित हंगामभर खपून गेली असती.

आता तो ८२ टक्क्यांचा आकडा

व्यापाऱ्याच्या पानावर चाचणीचं नाव होतं: डीपीपीएच. सांद्रता लिहिलेली नव्हती. सांद्रतेशिवाय टक्केवारी म्हणजे वजन न सांगता भाव सांगणं.

चाचणी साधी आहे. डीपीपीएच हा स्थिर, गर्द जांभळा मूलक. त्याला हायड्रोजन मिळाला की पिवळट होतो आणि ५१७ नॅनोमीटरवरचं शोषण उतरतं. १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३.९४ मिलिग्रॅम घेतलं की ०.१ मिलिमोलर द्रावण. त्यातलं ३ मिलिलिटर, नमुन्याचं १ मिलिलिटर, अंधारात अर्धा तास. सुरुवातीचं शोषण ०.८च्या आसपास यायला हवं, ०.५ आलं तर डीपीपीएच जुना किंवा उजेडात राहिलेला, आणि मग कुठलाही नमुना फुशारकी मारतो. रंगीत नमुन्यासाठी डीपीपीएचशिवायची वेगळी कोरी चाचणी लागते. एबीटीएस या पाण्यातल्या दुसऱ्या मूलक-चाचणीत तेल दुधाळ होतं आणि आकडा बिघडतो, म्हणून बाष्पनशील तेलाला मिथेनॉल बरं.

फ्रिजमधल्या, म्हणजे चांगल्या, नमुन्यावर निकाल असा: मिश्रणात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम तेल असताना ४ टक्के रोध (म्हणजे शोषणातली घट), १० मिलिग्रॅमला २७ टक्के, ५० टक्के गाठायला ३५ मिलिग्रॅमच्या आसपास. याच मिश्रणात ॲस्कॉर्बिक आम्लाला, म्हणजे साध्या क जीवनसत्त्वाला, ५० टक्के रोधासाठी हिशोबाने मिलिलिटरला ३.३ मायक्रोग्रॅम पुरतात, कारण त्याचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू विझवतो. फरक दहा हजारपट. व्यापाऱ्याचे ८२ टक्के मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम तेल घालून पाहिल्यावर मिळाले. आकडा खोटा नव्हता, बिनकामाचा होता.

असं का, हे बंधांच्या ताकदीत दिसतं. ओव्याच्या तेलातला थायमॉल, लवंगेच्या तेलातला युजेनॉल हे फिनॉल आहेत. त्यांचा ऑक्सिजनवरचा हायड्रोजन मोलला ३६५ किलोज्यूलच्या आसपास तुटतो आणि मागे राहणारा मूलक कड्यात पसरून शांत बसतो. लिनालूलवरही हायड्रॉक्सिल गट आहे, पण तो साध्या अल्कोहोलचा. तिथे ४४० लागतात. लिनालूल जो हायड्रोजन देऊ शकतं तो दुहेरी बंधाशेजारचा, आणि तो गेला की मागचा मूलक शांत बसण्याऐवजी लगेच ऑक्सिजन पकडतो. ज्या जागेमुळे चाचणीत थोडीफार क्रिया दिसते, तीच जागा तेल खराब करते. त्यामुळे लॅव्हेंडर तेलाला अँटिऑक्सिडंट म्हणून विकणं आणि त्याच तेलात अँटिऑक्सिडंट घालावं लागणं यात विसंगती वाटली, तर ती खरीच आहे. पहिली गोष्ट सोडावी.

मग लॅव्हेंडरच्या अँटिऑक्सिडंट गुणांवरचे एवढे अभ्यास कुठून येतात? बरेचसे अर्कावरचे असतात. लॅव्हेंडरच्या पाना-फुलांत रोझमॅरिनिक आम्ल असतं, ते दणकट फिनॉल. पण ते वाफेबरोबर वर येत नाही. ऊर्ध्वपातनानंतर भांड्यात उरलेल्या चोथ्यात आणि त्या पाण्यात राहतं. अल्कोहोलने काढलेल्या अर्काचा निकाल तेलाच्या बाटलीवर चिकटवणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी सरमिसळ. पुरवठादाराने अहवाल दाखवला तर आधी एवढंच विचारावं: नमुना तेलाचा होता की अर्काचा, आणि सांद्रता किती?

काय बदललं

उरलेलं २५० मिलिलिटर तेल बाद. त्यात आता टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व, हे खरं अँटिऑक्सिडंट) घालून उपयोग नाही. ते पुढची साखळी थांबवतं, झालेले पेरॉक्साइड परत फिरवत नाही. पुन्हा ऊर्ध्वपातन करून ‘शुद्ध’ करण्याचा विचार तर करूच नये, पेरॉक्साइड साठलेलं तेल आटवणं धोक्याचं असतं. गटारात ओतणंही नाही, घातक कचऱ्यातच जातं. मेची बॅच बाजारातून परत मागवली. व्यापाऱ्याचे पैसे चुकते केले.

नवा एक किलो आला की त्याच दिवशी: घनता, अपवर्तनांक, पेरॉक्साइड मूल्य, दहा मिलिमोलच्या वर असेल तर परत. मग एक ग्रॅम टोकोफेरॉल, म्हणजे ०.१ टक्का. बाजारात मिश्र टोकोफेरॉल सूर्यफूल तेलात सत्तर टक्के सांद्रतेचं मिळतं. ते असेल तर १.४ ग्रॅम. बीएचटी हे कृत्रिम अँटिऑक्सिडंट तेवढ्याच प्रमाणात तेवढंच काम करतं आणि स्वस्त पडतं, फक्त ‘नैसर्गिक’ लिहिता येत नाही. तेल गढूळ दिसलं तर त्यात पाणी आहे. वजनाच्या दोन टक्के निर्जल सोडियम सल्फेट घालून रात्रभर ठेवायचं आणि गाळायचं. त्यानंतर शंभर मिलिलिटरच्या तपकिरी काचेच्या बाटल्या, गळ्यापर्यंत. अशा बाटलीत पाच मिलिलिटर हवा राहिली तरी तिच्यातला सगळा ऑक्सिजन लिटरमागे अर्ध्या मिलिमोलहून कमी पेरॉक्साइड करतो. एका बॅचला एक बाटली, उरलेलं परत ओतायचं नाही. रबराच्या ड्रॉपरचं झाकण नको, टर्पीन रबर फुगवतात. पातळ प्लास्टिकही नको. पितळी नरसाळ्याचं तर नावच काढू नये, तांब्याचा अंशही ऑक्सिडेशनला रेटतो. संत्रा तेलाचं मोजपात्र वेगळं आणि त्यावर नारिंगी टेप. संत्रा तेलालाही हेच सगळं लागू: लिमोनीन तसंच ऑक्सिडाइज होतं आणि त्यालाही मर्यादा २० मिलिमोलचीच.

एप्रिल ते जून दर महिन्याला पेरॉक्साइड मूल्य, एरवी तीन महिन्यांनी. ब्युरेट आणि थायोसल्फेट युनिटनेच घेतलं. ०.०१ नॉर्मल थायोसल्फेट ठेवून कमजोर होतं, म्हणून ०.१ नॉर्मलचं प्रमाणित द्रावण ठेवून ऐनवेळी दहापट पातळ करायचं.

रोल-ऑनचं सूत्रही बदललं. एक किलोमागे लॅव्हेंडर ५० ग्रॅमवरून २० ग्रॅम, मिश्र टोकोफेरॉल २ ग्रॅम, बाकी ९७८ ग्रॅम फ्रॅक्शनेटेड खोबरेल (खोबरेलाचा वेगळा काढलेला, थंडीत न गोठणारा भाग). साधं खोबरेल आधी वापरत होते, पण नागपूरच्या डिसेंबरात ते गोठून गोळी अडकते. रोल-ऑनमध्ये टोकोफेरॉल वेगळं घालणं गरजेचं आहे, कारण अर्धी वापरलेली बाटली गिऱ्हाइकाच्या पर्समध्ये, गाडीच्या डिकीत पडून राहते, आणि फ्रॅक्शनेटेड खोबरेल जवळपास पूर्ण संपृक्त असल्याने आतला ऑक्सिजन सुगंधी तेलाच्याच वाट्याला येतो.

खोक्यावरून ‘अँटिऑक्सिडंट’ गेलं. सौंदर्यप्रसाधन नियम २०२० खाली दिशाभूल करणारा दावा चालत नाही, आणि हा दावा कुणी पुरावा मागितला असता तर पहिल्याच प्रश्नाला पडला असता. माल युरोपात पाठवायचा झाला तर त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याच्या वर लिनालूल असेल तर त्याचं नाव लेबलवर येतंच. इथेही घातलेलं बरं, ॲलर्जी असलेल्याला त्याचा उपयोग होतो.

त्या दोन गिऱ्हाइकांचं काय? पेरॉक्साइडची पातळी, लावण्याची जागा आणि वेळ सगळं जुळतं, तरी चट्टे यामुळेच आले हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. ते त्वचारोगतज्ज्ञाच्या पॅच टेस्टचं काम, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर पट्टीखाली लावून पाहण्याचं. तिथेही एक अडचण आहे. नुसत्या शुद्ध लिनालूलची पॅच टेस्ट बहुधा निगेटिव्ह येते आणि पेशंटला ‘तुम्हाला लॅव्हेंडरचं काही नाही’ असं सांगितलं जातं. चाचणी लिनालूल हायड्रोपेरॉक्साइडची, पेट्रोलॅटममध्ये एक टक्का, अशी मागायला हवी. युनिटने दोघांनाही त्यांच्याकडची अर्धी बाटली तशीच डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं आणि सोबत पेरॉक्साइडच्या आकड्याची प्रत दिली. पॅच टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्यांना लॅव्हेंडरच नव्हे, लिनालूल असलेले परफ्यूम, शाम्पू, डिटर्जंट यांचीही लेबलं वाचावी लागतील, कारण एकदा संवेदनशील झालेली त्वचा साधारणपणे तशीच राहते.